इथे दहावी मोजत नाहीत

गौरांग काका आमच्याकडे आले की आधी बूट काढतात आणि मग लॅपटॉप. मधे पाणीसुद्धा पीत नाहीत. मार्चमधला रविवार होता, दोन हजार सतराचा. स्टेशनवरच्या बेकरीतली सकाळची पाळी संपवून मी घरी आले, तर आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा लॅपटॉप उघडा, शेजारी आईने दिलेला चहा गार झालेला, आणि समोर माझे पप्पा हाताची घडी घालून बसलेले. ऑफिसात पप्पांच्या हाताखाली वीस माणसं आहेत. गौरांग काकांसमोर मात्र ते तोंडी परीक्षेला आल्यासारखे बसतात.

"आलीस का यामिनी," काका म्हणाले. "काय म्हणते तुझी पाववाली नोकरी?"

"पाव खपतात, काका. तुमचं काय खपतंय सध्या?"

आईने किचनमधून नुसतं बघितलं. आमच्या आईला बोलायला लागत नाही, ती बघते. ऊर्मिला काकू, म्हणजे गौरांग काकांची बायको, सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये हसल्या. त्या बऱ्या आहेत. नवऱ्याबरोबर येतात, जेवतात, आणि नवऱ्याचं बोलणं ऐकत नाहीत.

गौरांग काका कोण, तर इंगोलश्टाटमधल्या समस्त मराठी आईबापांचे अॅडमिशन-गुरू. इथे आपली चाळीसएक घरं असतील. सगळे गाडीचे नाहीतर गाडीच्या सुट्या भागांचे इंजिनियर. काकांचा वेद दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत कुठल्याशा भारी कॉलेजात गेला. तेव्हापासून काकांना रविवारी घरचं जेवण माहीत नाही. एक्सेलमध्ये त्यांच्याकडे आख्ख्या गावातल्या पोरांचे मार्क आहेत. इथे एक म्हणजे सगळ्यात भारी आणि सहा म्हणजे सगळ्यात वाईट, तर काका ते उलटे करून टक्क्यांत काढतात, म्हणजे कसं, आपल्या लोकांना समजून वाईट वाटता येतं. माझी ओळ त्यांनी जानेवारीत राखाडी केली. मी स्वतः बघितलीय. डिलीट नाही केली, राखाडी केली.

त्या दिवशीचा विषय माझी बहीण मीनल. पंधरा वर्षांची, नववीत. आम्ही इथे आलो तेव्हा ती बालवाडीत होती, त्यामुळे मराठी तिला सगळं समजतं पण तोंडातून जर्मनच निघतं. तिच्या शाळेने दहावीच्या पहिल्या सहामाहीसाठी दोन पोरं फ्रान्सला पाठवायची ठरवली. समुद्राकाठचं गाव, तिथल्या एका कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं. बावीस जणांनी नावं दिली आणि दोघांत मीनल आली. आयुष्यात पहिल्यांदा ती कशात तरी निवडली गेली होती. फॉर्मवर आईबाप दोघांची सही लागत होती. शुक्रवार शेवटचा दिवस. आणि पप्पा चार दिवस "बघू" म्हणत होते. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, फक्त सांगायला कोणीतरी बाहेरचा यायचा असतो.

तो आला होता.

"मुद्दा साधा आहे नामदेवराव," काका म्हणाले. "टॉपची कॉलेजेस नववीपासून बघतात. नववी, दहावी, अकरावी, बारावी. चारही. मीनलला आत्ता सहामाहीत लॅटिनमध्ये चार आहे. म्हणजे नववीला डाग पडला. आता तो धुणार कोण? दहावी. आणि दहावीत तुम्ही तिला पाठवताय सहा महिने समुद्रावर. मग त्या सहा महिन्यांच्या जागी कागदावर काय दिसेल?"

"काय?" पप्पांनी विचारलं.

"पोकळी," काका म्हणाले.

पप्पांनी मान हलवली, डॉक्टरने एक्सरे दाखवल्यावर हलवतात तशी.

मीनल खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि नखं खात होती. मी जॅकेट काढत होते तेव्हा मला फ्रिज दिसला. फ्रिजवर नवा कागद. वरती ठळक अक्षरांत 'मीनल – दहावी वेळापत्रक'. पाच वाजता उठणे, साडेपाच ते सात गणित, शाळा, तीन ते साडेसात अभ्यास, आठनंतर वायफाय बंद. मी जवळ गेले. तोच कागद. माझाच. दोन वर्षांपूर्वीची फाइल उघडून वरचं नाव बदललं होतं, पण बुधवारी पोहण्याचा क्लास बंद असं लिहिलेलं तसंच राहिलं होतं. मीनल पोहत नाही. पोहायचे मी.

"पप्पा," मी म्हटलं, "निदान नीट एडिट तरी करायचं."

"तू हातपाय धू आणि जेव," पप्पा म्हणाले.

माझं डोकं तिथेच गेलं. ते लवकर जातं, मला माहीत आहे, बेकरीतली शेफीन, म्हणजे माझी मालकीण, तीपण सांगते. पण खरं सांगायचं तर मी शांतपणे सुरुवात केली होती.

"काका, तुम्हाला एक विचारू? इथे आबिटुअरमध्ये दहावी किती मोजतात?" आबिटुअर म्हणजे इथली बारावी.

"प्रश्न फक्त आबिटुअरचा नाही, बेटा."

"किती मोजतात?"

"आल्झो, म्हणजे, टेक्निकली—"

"शून्य," मी म्हटलं. "अकरावी-बारावीच्या चार सहामाह्या आणि शेवटची परीक्षा. बास. दहावी पास व्हायची असते फक्त. म्हणून तर शाळा पोरांना दहावीतच बाहेर पाठवते. अख्ख्या जर्मनीला हे माहीत आहे. माझ्या वर्गातली लेना दहावीत आयर्लंडला घोडे धूत होती. आणि मी पाच वाजता उठून मॅग्नेशियमवर निबंध लिहीत होते, कारण आमच्या घरात दहावी होती."

हे मला सांगायचं नव्हतं, पण सुरू झाल्यावर कुठे थांबतंय. दहावी होती म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. जर्मन लोकांना मी समजावून दमले. त्यांना वाटतं घरात कोणी आजारी होतं. आणि तसंच होतं ते. पाहुणे बंद, टीव्हीचा आवाज बंद, आई पाय न वाजवता चालायची. नांदेडहून आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न, दहावी काय म्हणते. जशी काही दहावी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. मला एक पूर्णांक तीन मिळाले. आईने मिल्क पावडरचे पेढे केले, पप्पांनी मला प्रमाणपत्र हातात धरायला लावून फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. पंचेचाळीस लोकांनी हात जोडले. शाळेतल्या माझ्या सरांनी एवढंच म्हटलं, छान, आता खरं सुरू होईल.

खरं सुरू झालं तेव्हा मी संपले होते. सप्टेंबरमध्ये लेना परत आली, ओठ उन्हाने फाटलेले, इंग्रजी फाडफाड, आणि तिला शिकायची भूक लागलेली. पहिल्या केमिस्ट्रीच्या क्लाउझुअरला, म्हणजे त्या मोजल्या जाणाऱ्या मोठ्या पेपरला, मी नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि दीड तास समोरच्या पोराच्या स्वेटरची वीण मोजली. पंधरापैकी दोन गुण. मग गणितात चार. ख्रिसमसच्या सुट्टीनंतर मी गेलेच नाही. त्या पेपरांचा फोटो कोणी कुठल्या ग्रुपवर टाकला नाही.

"तुझी दहावी उत्तम होती," पप्पा म्हणाले. "नंतर तू सोडलंस."

"दहावीनेच सोडवलं."

"अमेरिका मोजते," काका मधे बोलले. "भावनेचा भाग बाजूला ठेवू. तिकडे ट्रान्सक्रिप्टवर नववीपासून सगळं येतं. वेदची नववी मी स्वतः—"

"तुम्ही स्वतः दिली असेल, काका."

ऊर्मिला काकूंना ठसका लागला. त्यांनी पाणी घेतलं.

चिडचिड अशी की काका चूक नव्हते. मी नंतर तपासलं. तिकडच्या निवडक कॉलेजांना खरंच नववीपासूनचे मार्क लागतात, बरेच जण बघतात. माणूस मूर्ख असला की त्याचं सगळंच चुकीचं निघावं ना, तसं होत नाही. पण एक गोष्ट त्या एक्सेलमध्ये नव्हती, आणि ती विचारली ऊर्मिला काकूंनी, मोबाइलमधून डोकं वर न काढता.

"अहो, पण हिला जायचंय कुठे? अमेरिकेला?"

सगळ्यांनी मीनलकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"म्युन्शेन," मीनल म्हणाली. आणि मग जर्मनमध्येच, खाली बघत, की तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय, म्युनिकलाच, आणि अमेरिकेत तिला काहीही करायचं नाही, आणि लॅटिनचं चार ती उन्हाळ्यापर्यंत तीन करणार आहे, तिने बाईंशी बोलून ठेवलंय.

"प्राण्यांची?" पप्पा म्हणाले. "माणसांची का नाही?"

"माणसं बोलतात," मीनल म्हणाली.

आई किचनमध्ये हसली. मला ऐकू आलं.

"गेनाऊ," काका म्हणाले. त्यांना कसलंही उत्तर आलं की ते गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणतात आणि आपलंच पुढे नेतात. "पंधराव्या वर्षी मुलं काहीही म्हणतात. म्हणूनच ऑप्शन उघडे ठेवायचे. आणि नामदेवराव, घरात एक उदाहरण आहे ना समोर. शिस्त जरा सैल झाली की काय होतं."

म्हणजे मी. मी त्यांच्यासमोर उभी होते, बेकरीचा शर्ट अंगात, खांद्यावर पीठ. शिस्त सैल झाली म्हणे. त्या वर्षात आमच्या घरी सैल एकच गोष्ट होती, माझी पँट.

पप्पांनी माझ्या खांद्यावरच्या पिठाकडे बघितलं. त्यांची दहावी आम्हाला पाठ आहे. अठ्ठ्याऐंशी साल, गावातल्या शाळेत पहिला नंबर, ऐंशी टक्के, मास्तर सायकलवरून निकाल घेऊन घरी आले आणि आजोबांना म्हणाले, याला शेतावर पाठवू नका. त्या एका कागदावर ते गावाबाहेर पडले. नाहीतर पडलेच नसते, हे खरं आहे, मला ते नाकारायचं नाही. पण त्यांना वाटतं की तो कागद जगात कुठेही चालतो, एखाद्या नोटेसारखा.

मग ते म्हणाले, "ठीक आहे. मी सही करतो."

मीनलने पाय खाली घेतले.

"पण एका अटीवर. यामिनी, सप्टेंबरपासून तू परत शाळेत जायचं. अकरावी पुन्हा करायची. तू गेलीस तर मीनल जाईल."

मला आधी हसूच आलं. मग नाही आलं. मीनल माझ्याकडे बघत नव्हती. तिने जर तोंड वाकडं केलं असतं, हात जोडले असते, तर मी सरळ नाही म्हणून दार आपटून गेले असते, मला तशी सवय आहे. पण ती आपली खिडकीबाहेर खालच्या पार्किंगकडे बघत राहिली. ती धरूनच चालली होती की आपलं काम झालं नाही. मला ती मान वळवणं बघवेना.

"हे ब्लॅकमेल आहे, पप्पा."

"हो," पप्पा म्हणाले.

"बरोबर आहे त्यांचं," काका म्हणाले. "दोन्ही प्रश्न एकदम सुटतात."

"जिम्नाझियुमला मी जाणार नाही," मी म्हटलं. "त्या इमारतीत मी पाय ठेवणार नाही. गेले तर एफओएसला जाईन."

जिम्नाझियुम म्हणजे मी सोडलेली शाळा, एफओएस ही इथली दुसरी एक. दहावीनंतर दोन वर्षांची, आणि पहिल्या वर्षी निम्मा वेळ कुठेतरी खरोखरचं काम करायचं. तिथली पोरं सकाळी सहाला कामाचे बूट घालून माझ्याकडे ब्रेत्सेल घ्यायला येतात. झोपाळलेली असतात, पण रडवेली नसतात. मी फार विचार करून बोलले नव्हते. तोंडाला आलं ते बोलले.

काकांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. "एफओएस?" त्यांनी एखादं झुरळ दाखवावं तसं म्हटलं. "अहो नामदेवराव, ऐकू नका. ते म्हणजे आपल्याकडचं डिप्लोमा साइडचं. अकरावी-बारावी सायन्स ज्यांना झेपत नाही ना, त्यांच्यासाठी असतं ते. हिला एक-तीन होते, तिला तुम्ही डिप्लोमावाल्यांत बसवणार?"

आई हातात भाकरीचं ताट घेऊन दारात थांबली. ऊर्मिला काकूंनी पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला आणि "अहो" एवढंच म्हणाल्या, पण फार हळू, आणि उशिरा.

"मी डिप्लोमावाला आहे, गौरांगराव," पप्पा म्हणाले.

"नाही नाही, तुमची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

"म्हणजे त्या काळात, तुमच्या तिकडे—"

"आमच्या तिकडे काय?"

काकांनी चहा उचलला. गार होता, तरी प्यायले. "मला म्हणायचं होतं की तुम्ही पुढे डिग्री केलीत. जिद्द होती. सगळ्यांना जमत नाही."

"नांदेडचं पॉलिटेक्निक," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तो कधीच चढत नाही. "तीन वर्षं. लेथ मशीनवर उभं राहून. मग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला डायरेक्ट. तिथे वर्गातली बारावीवाली पोरं आमच्या बाकावर बसत नव्हती. तुम्ही त्याच कॉलेजचे असता तर तुम्हीपण बसला नसता." मग त्यांनी मान वळवली. "मीनल, तो कागद आण."

मीनल उठली नाही, उडाली. कागद आला. पप्पांनी चष्मा लावला, आणि आपल्या सवयीने पहिल्यापासून सगळं वाचलं, अटी, विमा, वकिलाला लागेल ते बारीक छापलेलं सगळं. खाली आईची सही आधीच होती. तारीख गुरुवारची. मला दिसली, पप्पांनाही दिसली असणार. त्यांनी विचारलं नाही. शेजारी आपली सही केली, गाडीच्या ड्रॉइंगवर करतात तशी, नाव पूर्ण आणि खाली दोन रेघा.

कागद मीनलला द्यायच्या आधी त्यांनी तो माझ्याकडे धरला.

"सप्टेंबर. एफओएस तर एफओएस. हा शब्द?"

"हा."

"नीट बोल."

"हो म्हटलं ना."

जेवायला भाकरी आणि मटण होतं. काका गप्प जेवले, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडलं. जाताना त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. मी सगळं तुमच्या भल्यासाठी सांगतो." मी म्हटलं, "काका, माझी ओळ आता कुठल्या रंगाची करणार?" ऊर्मिला काकूंनी त्यांना लिफ्टमध्ये ओढलं.

संध्याकाळी मीनल माझ्या पलंगावर येऊन बसली. "दू गेस्ट डोख गार निश्ट हिन," ती म्हणाली. तू जाणारच नाहीस.

"तुझी सही झाली ना? मग झोप."

"पप्पा सप्टेंबरपर्यंत कधीही कॅन्सल करू शकतात." हे चक्क मराठीत म्हणाली. घाबरली की तिला मराठी येतं.

ते मीपण मोजलं होतं. ती दोन सप्टेंबरला जाणार, फेब्रुवारीत परत येणार. मी निदान फेब्रुवारीपर्यंत तरी त्या शाळेत बसायला हवं, नाहीतर पप्पा तिला अर्ध्यातून परत आणतील. आणतील म्हणजे आणतीलच. म्हणजे सहा महिने. त्यापुढे माझी मर्जी. सहा महिने मी काहीही करू शकते, एक वर्ष मी मॅग्नेशियमबरोबर काढलंय.

एफओएसची नावनोंदणी त्याच आठवड्यात संपत होती, त्यामुळे मंगळवारी पाळी संपल्यावर गेले. ऑफिसातल्या बाईंसमोर दहावीचं प्रमाणपत्र ठेवलं. पप्पांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून दिलं होतं, सोबत सहा झेरॉक्स, सगळ्यांवर नोटरीचा शिक्का, एवढे कोणी मागितले नव्हते. बाईंनी कव्हरमधून काढलंसुद्धा नाही. बोट ठेवून तीनच विषय बघितले, जर्मन, इंग्लिश, गणित.

"पास्ट," त्या म्हणाल्या. चालतंय.

"बाकीचे नाही बघणार?" मी विचारलं. "केमिस्ट्रीत एक आहे. इतिहासात एक आहे."

"लागत नाहीत."

"आणि अकरावीचे पेपर? त्यात दोन गुण आहेत."

"तेही लागत नाहीत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला त्यांचं हसणं आवडलं नाही. चांगलं होतं, म्हणून जास्तच आवडलं नाही. पाच वाजता उठून काढलेलं आख्खं वर्ष त्यांच्या बोटाखाली दहा सेकंद राहिलं असेल.

मग त्यांनी फॉर्म पुढे केला. शाखा निवडा. तांत्रिक, व्यापार, समाजसेवा. एकावर खूण करायची. मागे चार पोरं रांगेत, एकाच्या हेडफोनमधून ढुमढुम ऐकू येतंय, आणि मला आतापर्यंत कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. मी खिशातून फोन काढला, पप्पांचा नंबर समोर आला, आणि मी तो परत खिशात टाकला.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "तिकडे बसून भर."

मी बसले नाही. उभ्यानेच खूण केली, कशावर ते घरी शुक्रवारपर्यंत सांगितलं नाही, मीनलचा फॉर्म शाळेत जमा होईपर्यंत. पप्पा रोज विचारत होते. मी म्हणत होते, बघू.